तीन नंबरचा हेडफोन

कान तपासायच्या यंत्राच्या हेडफोनला एका सोमवारी सकाळी मरून रंगाच्या मखमलीच्या गाद्या बसलेल्या दिसल्या. कंपनीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. शनिवारी मी स्वतः त्या हेडफोनवर टॉवेल घालून गेले होते. तेव्हा त्याला काळ्या रबराच्या, कडेला चिरलेल्या गाद्या होत्या. आता मखमल, तीही हाताने इतकी सुबक शिवलेली की टाका शोधावा लागे. दवाखान्यातले शिपाई म्हणाले, इन्स्ट्रुमेंट खात्यातले काका आले होते, वायर बघायला.

वायरीची तक्रार कुणीच केलेली नव्हती. मी तणतणत त्यांच्या खात्यात गेले. पन्नाशीच्या अलीकडचा एक काटकुळा माणूस स्टुलावर बसून प्रेशर गेज उघडत होता. खिशात दोन पेचकस आणि एक कंगवा. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रबराची गादी हा माणसाच्या कानाचा अपमान आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, गादी बदलली की यंत्राचं माप चुकतं आणि मग सातशे कामगारांचे रिपोर्ट चुकतात. हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. मापाच्या बाबतीत ते प्रामाणिक होते. ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेल्या जुन्या गाद्या काढून माझ्याबरोबर आले, स्वतः बसवून दिल्या आणि माफी मागितली. दारातून वळून म्हणाले, "पण सिस्टर, मखमलीत ऐकून बघितलंत का?"

बघितलं होतं. फार छान वाटलं होतं. मी सांगितलं नाही.

आमची कंपनी रोह्याजवळ, धाटावला. मी आणि काका दोघंही पेणचे, त्यामुळे रोज कंपनीच्या एकाच बसने जायचो. टेपचे दिवस होते, सीडी नुकती कुठं कुठं दिसू लागली होती, आणि हेडफोन म्हणजे वॉकमनबरोबर फुकट मिळणारी स्पंजची टोपणं, एवढंच आम्हाला ठाऊक. काकांकडे चार हेडफोन होते. बोटीवर इंजिनीयर असलेल्या रोह्यातल्या एका मित्राने आणलेला जर्मन. आखातातून आलेला जपानी. मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळवलेला ऑस्ट्रियन. आणि चौथा त्यांनी स्वतः केलेला, फणसाच्या लाकडाच्या वाट्यांचा. वाट्या पोळपाट-लाटणी करणाऱ्या सुताराकडून कातून घेतल्या होत्या. त्याचं नाव 'पेणकर'.

या चौघांपैकी एकही कारखान्यातून आला तसा राहिलेला नव्हता. जर्मनची वायर बदलली होती. जपान्याची पट्टी चामड्याची झाली होती. ऑस्ट्रियनच्या पोटात कधी सावरीचा कापूस असे, कधी लोकरीच्या कापडाच्या गोल चकत्या, कधी दोन्ही. आमच्या बसच्या सहाव्या सीटचा फोम दर महिन्याला थोडा थोडा खचत चालला होता. ड्रायव्हर उंदरांना शिव्या द्यायचा. काका त्या वेळी खिडकीबाहेर बघत असायचे.

बस वडखळ नाका सोडून नागोठण्याच्या दिशेनं लागली की त्यांची चाचणी सुरू व्हायची. माणसाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, पिशवीतला एक हेडफोन लावायचा, मग काढून दुसरा लावायचा आणि विचारायचं, कुठला चांगला. गाणी ते शेवटी वाजवत. आधी पापड. काकूंनी मोडलेला पोह्याचा पापड त्यांनी टेपवर घेतला होता. पापड मोडल्याचं ऐकून तोंडाला पाणी सुटलं तर हेडफोन पास.

त्यांच्यातला खोडकरपणा मला पहिल्यांदा कळला तो आमच्या स्टोअरच्या साहेबांमुळे. साहेबांना सगळ्यातलं सगळं कळायचं. त्यांनी डोळे बांधून दोन्ही हेडफोन ऐकले आणि दुसरा कसा भरदार, पहिला कसा पोकळ, यावर खांबचा थांबा येईपर्यंत भाषण दिलं. काकांनी मान डोलावून वहीत लिहून घेतलं. उतरताना मी त्यांना हळूच विचारलं, तुम्ही पिशवी नुसतीच खसखसवलीत ना? हेडफोन तोच होता ना? ते म्हणाले, हो, पण हे त्यांना सांगू नका, त्यांना दोन आवडलेत.

पुढं मला कळलं की अर्ध्या बसला त्यांनी असं फसवलं होतं. हसायचे मात्र कधीच नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस कानानं कमी आणि अब्रूनं जास्त ऐकतो, तेव्हा अब्रूचा भाग किती तो आधी मोजून घ्यायला लागतो.

पेणला ते गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत राहत. एका रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर खिळे ठोकून ओळीनं प्लास्टरचे कान टांगले होते. प्रत्येकाखाली चिठ्ठी. बसमधल्या निम्म्या लोकांचे कान तिथं होते. गादी कानाच्या आकाराप्रमाणं कापली पाहिजे म्हणून शेजारच्या मूर्तिकाराकडून काकांनी हे साचे काढून घेतले होते. मूर्तिकार मला म्हणाले, "ताई, मी वर्षभर एका देवाचे कान करतो, त्यात हे वडखळ-नागोठण्याचे कान घेऊन येतात." त्यांच्या रंगाऱ्यानं गंमत म्हणून एका कानाला अंगाचा गुलाबी रंग दिला होता. तो काकूंच्या हाताला लोणच्याच्या बरणीमागे लागला आणि बरणी गेली. तेव्हापासून रंगीत कानाला घरात बंदी होती. माझाही कान त्या दिवशी काढून घेतला. नर्स असल्यामुळे आत कापसाचा बोळा नीट घातला आहे ना, हे मीच बघून घेतलं.

त्यांनी सुधारलेल्या हेडफोनबद्दल बहुतेकांची एकच तक्रार असे, ती म्हणजे डावी बाजू टोचते. बाईचा आवाज वर चढला की डाव्या कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. मला व्हायचं, मूर्तिकारांना व्हायचं, काकू तर लावायलाच तयार नसत. काका म्हणायचे, तुमचे कान लाउडस्पीकरवर पोसलेत, त्यांना बारकावा सोसत नाही.

पण काही थोडी माणसं अशी होती की त्यांना तो आवाज मनापासून आवडायचा. त्यात पहिला धर्मा. वडखळच्या खारीकडच्या गावातला, आमच्या ब्लोअर हाऊसचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या प्रचंड पंख्यांच्या शेडचा, ऑपरेटर. तो हेडफोन लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बेस वाटतं काका. काय टोचत नाय." काका त्याच्याकडे अशा कौतुकानं बघायचे की बाकी बसनं लाजावं. त्यांच्या वहीत मागच्या पानावर 'चांगल्या कानाचे लोक' अशी यादी होती. अकरा नावं. बारावं त्यांचं स्वतःचं.

मग कान तपासणीचा महिना आला.

तपासणी सोपी असते. माणसाला हेडफोन लावून बसवायचं, आपण बटण दाबून बारीक शिट्ट्या वाजवायच्या, ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. काकांचे मागच्या पाच वर्षांचे कागद मी काढले. सगळे उत्तम. इतके उत्तम की मला विचित्र वाटलं. मी तपासणी सुरू केली तर जी शिट्टी हेडफोन लावून मला स्वतःला जेमतेम ऐकू यायची, तीही त्यांना येत होती. बटणावर माझं बोट पडायचा अवकाश, यांचं बोट वर. भिंतीकडं तोंड करून बसले होते. समोर औषधांचं कपाट होतं. काचेचं.

मी त्यांचीच युक्ती वापरली. आवाजाची कळ पूर्ण बंद केली आणि नुसतंच बटण दाबलं. काकांचं बोट वर गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वर.

मी उठून कपाटाच्या काचेवर चादर टाकली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पकडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. हुशार विद्यार्थी सापडल्यावर मास्तर बघतात तसं ते बघत होते. मग आम्ही पहिल्यापासून तपासणी केली. उजवा कान वयाच्या मानानं ठीक होता. डाव्या कानाला बारीक, उंच आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हते. आलेखाची रेघ तिथं विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती.

ते म्हणाले, यंत्र बिघडलंय. खिशातून पेचकस काढला. मी तोच हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, त्यांना बटण दाबायला लावलं आणि भिंतीकडं तोंड करून प्रत्येक शिट्टीला बोट वर केलं. त्यांनी दोनदा आवाज बंद ठेवून मला फसवायचा प्रयत्न केला. मी फसले नाही. मग पेचकस पुन्हा खिशात गेला.

तो पेचकसच कारण होता, हे नंतर लक्षात आलं. मोटरचं बेअरिंग तपासायचं तर पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ डाव्या कानाला लावायची, हे त्यांनी वीस वर्षं केलं होतं. तेही बहुतेक ब्लोअर हाऊसमध्ये उभं राहून, जिथं दोन माणसांना एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलावं लागे.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "शंका होती. शंका आली की काचेत बघायचो."

मी शिपायांना चहा आणायला सांगितला. चहा आला, गार झाला. मग त्यांनी खिशातून वही काढली, मागचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. धर्माचा आलेख दाखवा म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्याचा कागद दाखवता येत नाही. ते म्हणाले, मग दाखवू नका, नुसतं ऐका. या अकरा जणांना माझा हेडफोन टोचत नाही. मला टोचत नाही, कारण मला डावीकडं कमी ऐकू येतं, म्हणून मीच तिथला आवाज वाढवत गेलो. मग यांना का टोचत नाही?

मी यादी वाचली. अकराच्या अकरा ब्लोअर हाऊसचे होते.

"मी यांना दर्दी समजत होतो, सिस्टर," ते म्हणाले. एवढं म्हणून गेले.

त्या आठवड्यात मी त्या अकरा जणांची तपासणी परत केली. काचेवर चादर टाकून, घाई न करता. आधीच्या कागदांवर सगळ्यांपुढं 'ठीक' लिहिलेलं होतं. मी जे पाहिलं ते ठीक नव्हतं. धर्मानं मला सांगितलं की घरात बायको हाक मारते ती त्याला ऐकू येते, पण काय म्हणते ते कळत नाही. "ती समजते मी मुद्दाम करतंय," तो म्हणाला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी माझे आलेख बघून कार्यालयाला पत्र लिहिलं, की या लोकांना कान झाकायची साधनं द्या. पत्र परत आलं. खाली शेरा होता, की कानात घालायला कापूस द्यावा.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते जपान्याच्या पट्टीला तेल लावत होते. बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुरक्षा खात्यातून आवाज मोजायचं मीटर मागून नेलं. कशाला, तर ब्लोअर हाऊसमधला प्रेशर गेज नीट चालतो का बघायला. आवाजाच्या मीटरनं गेज कसा बघतात, हे कुणी विचारलं नाही.

आमच्या जनरल मॅनेजर साहेबांना गाण्याची आवड होती. परदेशातून येताना त्यांनी एक भारी हेडफोन आणला होता आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की इन्स्ट्रुमेंटमधल्या काकांना दाखवा. साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं, तुमचे आणि माझा ताडून बघू म्हणाले. काका मला म्हणाले, सिस्टर, तुम्हीही चला, घड्याळ धरायला कुणीतरी लागेल.

केबिनमध्ये साहेबांनी स्वतःच हौसेनं डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. काकांनी नियम सांगितले. तीन हेडफोन, प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये काढायचा नाही, नाहीतर तुलना बरोबर होत नाही. पहिला साहेबांचा स्वतःचा होता. ख्याल लागला. साहेबांची बोटं टेबलावर ताल धरायला लागली. दोन मिनिटं झाली. दुसरा जर्मन. साहेब म्हणाले, वा, याचा खालचा आवाज काय भरीव आहे. काकांनी लिहून घेतलं. मग त्यांनी पेणकर साहेबांच्या कानांवर चढवला, दोन्ही बाजू नीट बसल्यात ना बघितलं, कॅसेट बदलली आणि बटण दाबलं.

साहेब खुर्चीतून जवळजवळ उठलेच. दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढला, रुमालही त्याच्याबरोबर आला. मी घड्याळ बघितलं. अकरा सेकंद.

"हे काय आहे?"

"तीन नंबर, साहेब," काका म्हणाले. "आपलं ब्लोअर हाऊस. आवाज वाढवलेला नाही, मीटर लावून तिथल्याइतकाच ठेवलाय. अजून एक मिनिट एकोणपन्नास सेकंद राहिलेत."

टेबलावर पडलेल्या पेणकरमधून तो आवाज अजून येतच होता, आता लांबून, एखाद्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा. काकांनी यंत्र बंद केलं, तिन्ही हेडफोनच्या वायरी व्यवस्थित गुंडाळल्या आणि म्हणाले, "धर्मा आठ तास ऐकतो, साहेब. शिफ्ट संपेपर्यंत काढता येत नाही." साहेबांनी आम्हाला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांना मेमो आला. वरिष्ठांशी गैरवर्तन केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. मला घाम फुटला, कारण घड्याळ माझ्या हातात होतं. काकांनी मात्र बसमध्ये मांडीवर वही ठेवून सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला. तो मला अजून पाठ आहे. साहेबांच्या इच्छेनुसार तीन हेडफोनची तुलना केली. पहिल्या दोनांबद्दलचं साहेबांचं मत नोंदवलं आहे. तिसरा ऐकायचा राहिल्यानं निकाल देता येत नाही. तरी साहेबांनी सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.

वेळ कळवली गेली नाही. पण आठ-दहा दिवसांनी धर्मानं बसमध्ये सांगितलं, की साहेब एकटेच ब्लोअर हाऊसमध्ये आले होते. कुणाशी बोलले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले, घड्याळ बघत. किती वेळ, हे काकांनी त्याला तीनदा विचारलं. धर्मा म्हणाला, "पाच मिन्टं असतील. मंग गेलं."

काकांनी वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

दोन महिन्यांनी कान झाकायची साधनं आली. पुढच्या वर्षी ऑपरेटरांना बसायला काचेची बंद खोली झाली. आणि काकांची बदली झाली स्टोअरमध्ये, त्याच सगळं कळणाऱ्या साहेबांच्या हाताखाली. कागदावर कारण होतं डावा कान. ते खोटं नव्हतं, त्यामुळे कुणाला भांडताही आलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण तो आलेख मी काढला होता. एकदा मी तसं बोलले. ते म्हणाले, स्टोअरमध्ये फोम फार चांगला येतो.

बदलीनंतर बरेच दिवस त्यांनी बसमध्ये पिशवी उघडली नाही. लोकांनी पहिल्यांदा सुटलो म्हटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग एका रविवारी सकाळी खुद्द काकूंचा निरोप आला, की ये, यांना तुझं काम आहे.

काका अंगणात चटई टाकून बसले होते. समोर पेणकर, सगळा उघडलेला. मला म्हणाले, आजपर्यंत कुणाला विचारून आवाज लावला नाही, आज विचारतो. मी हेडफोन लावला. एक बाई गात होत्या. मी सांगितलं, डावीकडं जास्त आहे. त्यांनी डाव्या वाटीत लोकरीची एक चकती घातली. अजून जास्त आहे. दुसरी घातली. असं करत करत आम्ही दोन तास बसलो. मी बोलायचे, ते घालायचे, काढायचे, कापसाचा एक चिमटा इकडून तिकडं करायचे. एकदाही वाद घातला नाही, आणि मला या मुकाट ऐकण्याचीच भीती वाटत होती.

आणि एका क्षणी ती बाई माझ्या डोक्याच्या बरोबर मधोमध येऊन बसली. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. तंबोरा तिच्या मागे, श्वास घेतलेला ऐकू येत होता. असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, त्याची मला लाजही वाटली. मी मान हलवून झालं म्हणून सांगितलं. मग काकूंनी लावला. त्या पदराला हात पुसत उभ्याउभ्याच ऐकायला लागल्या, मग खाली बसल्या. कुकरची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत.

सगळ्यात शेवटी काकांनी लावला. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडं मोठ्या करुणेनं पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "असं ऐकू येतं होय तुम्हा सगळ्यांना?"

मी हो म्हटलं.

"कसं जगता हो," ते म्हणाले, आणि डावीकडची चकती काढायला पेचकस हातात घेतला.